सायकल कुठं लावली

ते गाणं मी रचलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ते इतक्या गावांत फिरलं की ज्याला त्याला वाटायला लागलं, ते आपल्या आजीच्या काळापासूनचंच आहे.

मंगळवार हा आमच्या आरोग्य केंद्रावर एचआयव्हीच्या गोळ्यांचा दिवस. लोक सकाळी सातपासून बाकांवर येऊन बसतात आणि डॉक्टर उगवतात नऊला. मधले दोन तास माझे. मी स्वतः नऊ वर्षं त्या गोळ्या घेते आणि दुसऱ्यांना घ्यायला शिकवते, केंद्रानं मला त्याच कामाला ठेवलंय. नवरा गेला तेव्हा मी इतकी वाळले होते की दीर माझ्यासाठीही खड्डा खणून ठेवायच्या गोष्टी करत होता. आता मला रस्त्याच्या कडेला उभी बघितली की भाड्यानं माणसं नेणारे सायकलवाले दुसरीकडे तोंड फिरवतात, मागं बसवायची छाती होत नाही त्यांची.

नुसतं 'गोळ्या वेळेवर घ्या' म्हटलं की लोक जांभया देतात. म्हणून मी गाणी रचते. गोळ्यांच्या वेळेचं गाणं आहे, निरोधचं आहे, टीबीचं आहे. पण सगळ्यांत चाललं ते जखमांचं.

नवी जखम, नवी जखम, कुणाच्या दारातून आली?
विचार नवऱ्याला, विचार नवऱ्याला, सायकल कुठं लावली?

पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी बाकांनी. 'सायकल कुठं लावली'ला बायका अशा टाळ्या पिटायच्या की शेवटच्या बाकावरचे पुरुष आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत बसायचे. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? माझ्या नवऱ्याची सायकल कुठं कुठं लागत होती ते मला तो मातीआड गेल्यावर कळलं. त्याला विचारायचं राहून गेलं ते मी दर मंगळवारी त्या शेवटच्या बाकाला विचारत होते. गोळ्या चालू असताना खाली जखम झाली म्हणजे बाहेरून नवं काहीतरी घरात आलं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला तसं वाटलं. आणि मला वाटलं म्हणजे ते खरंच असणार, हा माझा जुना रोग.

फायनेसी आणि लास्टन ह्यांना गोळ्या मीच चालू करायला लावल्या. फायनेसी आमच्याच गावची, लास्टन डोंगरापलीकडून आलेला घरजावई. आमच्याकडे नवरे सगळे घरजावईच, पण हा जरा निराळा होता. मक्याच्या कणग्या विणायचा. बांबूच्या पट्ट्या अशा घट्ट बसवायचा की त्याच्या कणगीत उंदीर शिरला नाही असं लोक म्हणायचे. तिसऱ्या बाळंतपणाच्या आधी तपासणीत दोघांचंही रक्त तसलं निघालं, तर रडारड नाही, आदळआपट नाही. बायकोला सायकलवर मागं बसवून तो दर मंगळवारी घेऊन यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. माझ्या गाण्याला तो एकटाच मान वर करून हसायचा. मला वाटायचं, निर्लज्ज आहे.

गोळ्या चालू होऊन तीन महिने झाले असतील. फायनेसीनं मला केंद्राच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ ओढत नेलं.

"मावशी, मला खाली फोड आलेत. फुटले की आग होते. लघवीला बसवत नाही."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

डॉक्टरांच्या खोलीचं दार तिथून वीस पावलांवर होतं. तिला हाताला धरून आत न्यायचं, एवढंच माझं काम. पण म्फांडे डॉक्टर उत्तरेकडचा पोरगा, लग्न न झालेला, आमची भाषा पुस्तकातली बोलणारा. त्याच्यापुढं कोण कमरेला गुंडाळलेलं चितेंजे सोडून दाखवणार? आणि मला ठाऊकच होतं की.

"लास्टन मध्ये कुठं गेला होता का गं?"

"कासुंगूकडं. तंबाखूच्या मळ्यावर कणग्या विणायला. तीन आठवडे."

"मग झालं तर."

"म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे काय ते मला विचारतेस? गाणं तर फार जोरात म्हणतेस."

तिचा चेहरा एकदम उतरला. "तसा नाही हो तो," ती म्हणाली.

"माझाही तसा नव्हता," मी म्हटलं. "नऊ वर्षं ह्या बाकांवर काढलीत मी. मला नको शिकवूस."

मिठाच्या पाण्यात बसायला सांगून मी तिला घरी पाठवलं. दोन आठवड्यांत फोड गेले. पण तोवर गोष्ट तिच्या मामाकडं गेली होती.

लग्न मामांनी जोडायचं आणि मोडायचंही मामांनीच. फायनेसीचे झकेयो मामा दिसायला किरकोळ, पण गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्यांनी मोठ्या आंब्याखाली बैठक बोलावली. लास्टनच्या बाजूनं त्याचा एक म्हातारा मामा आला होता, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. मला साक्षीला बोलावलं. मी धुतलेलं चितेंजे नेसून गेले, हेही सांगायला हवं.

"मी काही केलेलं नाही," लास्टन म्हणाला. "मळ्यावर आम्ही अकरा जण एका खोपटात झोपत होतो. मला स्वतःला एक फोड नाही. बघा हवं तर."

"पुरुषांचं दिसत नाही," मी म्हटलं. "पुरुष देतो आणि मोकळा होतो."

बायका हसल्या.

"कोण होती ती?" झकेयो मामांनी विचारलं.

"कुणी नव्हती."

"कुणी नव्हती!" मामांनी सगळ्यांकडं बघितलं. मागून कुणीतरी बारीक आवाजात सुरू केलं, सायकल कुठं लावली, आणि सगळा आंबा हसला. मी टाळी वाजवली नाही. पण मी हसले.

लास्टननं एकदाच फायनेसीकडं बघितलं. "तुझा विश्वास नसेल तर जातो," तो म्हणाला. ती माझ्याकडं बघत होती.

काढून दिलेला घरजावई चटई, कुदळ आणि आपली हत्यारं घेऊन जातो. घर, शेत, मुलं बायकोच्या गावची. त्यानं सायकलला चटई बांधली आणि गेला. अर्धी विणलेली कणगी फायनेसीच्या अंगणात तशीच राहिली. पुढं त्यात बकऱ्या बसायला लागल्या.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही, त्याचं गोळ्यांचं कार्ड पेटीत उभंच राहिलं. त्याच्या पुढच्याही. गोळ्या चुकवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला शोधून आणणं हे माझंच काम. पंधरा पंधरा मैल चालत गेलेय मी लोकांमागं. ह्याच्यामागं गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार, असं तेव्हा वाटलं नाही हो, उगाच चांगुलपणा घेत नाही. तेव्हा वाटलं, जाऊ दे मेला. तिसऱ्या महिन्यात हिशेब लागेना म्हणून मी कार्डावर 'दुसऱ्या केंद्रात बदली' असं लिहिलं आणि ते खालच्या पेटीत टाकलं. बदलीचा कागद त्यानं नेला नव्हता. त्याच्या गावच्या आसपास केंद्रही नाही. मला हे दोन्ही माहीत होतं.

त्या थंडीत माझंच रक्त बिघडलं. एवढी वर्षं घेतलेल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. म्फांडे डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. भूक परत आली, अंग धरलं, आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी लघवीला बसले तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. आरशाचा तुकडा घेऊन बघितलं. फोड होते. बारीक, दाटीवाटीनं आलेले, काही फुटलेले. फायनेसीनं सांगितले होते तस्सेच.

नवरा गेल्यापासून माझ्या अंगाला पुरुषाचं बोटही लागलेलं नाही.

मग पहिलं काय केलं असेन? मिठाचं पाणी घेतलं आणि लपवलं. दोन मंगळवार मी उभी राहून गाणं म्हटलं, मांडीला मांडी घासली की जीव जायचा, आणि समोरच्या बायका टाळ्या पिटून मलाच विचारत होत्या, कुणाच्या दारातून आली. तिसऱ्या मंगळवारी ताप भरला. सगळे गेल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि त्या पोराला सगळं दाखवलं. त्यानं नाक मुरडलं नाही, नीट तपासलं. हातमोजे काढले, हात धुतले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"नाम्वाले, ह्याला घाबरू नका. ह्या फोडांचा विषाणू वेगळा, तो बहुतेक अंगात जुनाच असतो, झोपलेला. गोळ्या लागू पडल्या, ताकद परत आली की शरीर जागं होतं आणि आत लपलेल्याशी भांडायला उठतं. नव्या गोळ्यांनंतर पहिल्या काही महिन्यांत असं होऊ शकतं. फोड येतात, कुणाला चामखिळी उगवतात. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. ह्यासाठी मी वेगळं औषध देतो."

"जुना म्हणजे किती जुना?"

"दहा वर्षं, वीस वर्षं. कधी आला, कुणाकडून आला, हे फोड बघून सांगता येत नाही. मलाही नाही आणि कुणालाच नाही."

"आणि नवऱ्याला एक फोड नसला, तरी?"

"तरीही. कधी बाईलाच तो लग्नाआधीपासून असतो. कधी दोघांना असतो आणि एकाच्याच अंगावर दिसतो. त्यावरून चोर पकडता येत नाही."

मग मला राग आला, आणि मी तो त्याच्यावरच काढला. "एवढं माहीत होतं तर तीन वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं!"

तो गोंधळला. "कुणाला बोलू? तीन वर्षांत एक बाई माझ्याकडं जखमा दाखवायला आली नाही. मला वाटलं, ह्या भागात हा त्रासच नाही. आईला फोनवर सांगितलंसुद्धा मी, नशीबवान गावं आहेत म्हणून."

म्हणजे फायनेसी एकटी नव्हती. कितीजणी आल्या असतील, बाकावर बसून माझं गाणं ऐकलं असेल, टाळ्या वाजवल्या असतील आणि तसंच घरी जाऊन मिठाच्या पाण्यात बसल्या असतील. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. खालच्या पेटीतून लास्टनचं कार्ड काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"ही बदली खोटी आहे. मी लिहिलीय."

त्यानं तारीख बघितली. "आठ महिने," तो म्हणाला. "गोळ्यांशिवाय? नाम्वाले, त्याला लवकर आणा. आणा म्हणजे आणाच."

पण लास्टनला कसं आणणार? गावानं काढलेला माणूस त्या रस्त्यानं केंद्रावर यायचा नाही. आधी गावाचा शब्द फिरवायला हवा होता. मी झकेयो मामांकडं गेले. ते भुईमूग सोलत होते.

"बैठक पुन्हा बोलवा," मी म्हटलं. "मी चुकीची साक्ष दिली."

"झालेल्या गोष्टी कशाला उकरतेस? फायनेसीला एक चांगलं स्थळ आलंय."

"चार माणसांत काढलाय त्याला. चार माणसांतच सांगायला हवं."

बैठक बोलावली, पण मामांनी ती करमणूक म्हणूनच बोलावली असावी. आंब्याखाली जत्रा लोटली होती. लास्टन जिथं उभा होता तिथं मी उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. झोपलेला विषाणू, जागं होणारं शरीर. लोक असे बघत होते, जणू मी पाऊस जमिनीतून वर पडतो असं सांगत होते.

"हे त्या उत्तरेकडच्या पोराचं," मामा म्हणाले. "तुला काय माहीत?"

"मला आल्यात."

"काय आल्यात?"

"जखमा. तशाच. खाली."

मग मामांनी मान तिरकी केली. "कोण आहे तो?"

"कुणी नाही."

"कुणी नाही!" मामा हसले. "लास्टनही हेच म्हणाला होता."

आणि मागून गाणं सुरू झालं. माझंच. कुणीतरी लगेच शब्दही फिरवला, नाम्वालेच्या दाराला कुणाची सायकल लागली. माझ्या शेजारी वीस वर्षं राहिलेल्या बायका डोळे पुसपुसून हसत होत्या. मला ओरडून सांगायचं होतं की मी खरं बोलतेय, आणि मला कळत होतं की खरं बोलणारा ह्याच्यापेक्षा वेगळा दिसत नाही. त्या दिवशी लास्टन असाच उभा होता. हात असेच दोन्ही बाजूंना लोंबकळत होते त्याचे. मी हसले होते.

गर्दी पांगली तेव्हा फायनेसी तिथंच बसून होती.

"मावशी, तुमच्याकडं खरंच कुणी येत नाही," ती म्हणाली. "माझं दार तुमच्या दारासमोर आहे. मला माहीत आहे."

"हो."

"तो म्हणाला होता, विश्वास नसेल तर जातो. मी तुमच्यावर ठेवला." ती एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही दोघी निघालो. डोंगर उतरून लास्टनच्या गावाशी पोचायला दुपार झाली. मामांनी पाठवल्याशिवाय बायकोनं नवऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नसतो, म्हणून फायनेसी वाटेवरच्या बाभळीखाली बसली आणि मी एकटी पुढं गेले.

गाणं आधी ऐकू आलं. वाटलं, माझ्या डोक्यातच वाजतंय. पण मुसळाचा आवाज खरा होता. अंगणात एक म्हातारी उखळात मका कांडत होती, आणि मुसळ खाली आलं की म्हणत होती, सायकल कुठं... लावली. सायकल कुठं... लावली.

लास्टन भिंतीच्या सावलीत कणगी विणत होता. मी त्याला हातांवरून ओळखलं, बाकी ओळखण्यासारखं फार उरलं नव्हतं. गालांची हाडं वर आली होती. त्यानं मला बघितलं, उठून चटई टाकली आणि पाणी आणून दिलं. आल्या माणसाला पाणी द्यायचं असतं.

"गोळ्या?" मी विचारलं.

"जेवढ्या होत्या तेवढ्या घेतल्या."

मी खाली बघत बोलायला लागले. "लास्टन, तुम्ही काही केलं नव्हतं. ते फोड जुने होते. मला डॉक्टरांनी..."

"मला कशाला सांगता?" तो मध्येच म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी काही केलं नव्हतं हे मला माहीतच आहे." त्यानं बांबूच्या पट्टीनं म्हातारीकडं दाखवलं. "आईला सांगा. गाणं माझ्या आधी इथं येऊन पोचलं होतं."

मी उठून उखळाशी गेले. उन्हात उभी राहून त्या माउलीला सगळं सांगितलं. फोड कसे येतात, का येतात, तिच्या सुनेला का आले, मला का आले. गोळ्या परत चालू केल्यावर तिच्या मुलालाही कदाचित येतील आणि त्यात कुणाचं पाप नसेल, हेही सांगितलं. मुसळ थांबलं होतं. म्हातारीनं 'कोण आहे तो' असं विचारलं नाही. ती लास्टनकडं वळली.

"आठ महिने," ती म्हणाली, "मी ह्याचं ताट वेगळं वाढतेय. तिकडं, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. मला म्हणाला, आई, मी काही केलं नाही. मी म्हटलं, गाणं काय खोटं बोलतं?"



"कुणी रचलं गं ते?"

"मी."

तिनं मला मारलं असतं तरी मी हलले नसते. तिनं मुसळ माझ्या हातात दिलं. "कांड," ती म्हणाली, आणि चुलीकडं गेली. वाटेत थांबून बाभळीकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरला, मग तिकडं चालत गेली आणि फायनेसीला मनगटाला धरून अंगणात घेऊन आली.

मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजला तेव्हा म्हातारीनं एकच ताट मांडलं, भोपळ्याच्या पाल्याची भाजी मध्ये ठेवली, आणि लास्टनला तिथं बसवलं. स्वतः शेजारी बसली, फायनेसीला पलीकडं बसवलं. लास्टन बराच वेळ हात धुवत होता. मी येताना आणलेलं त्याचं कार्ड फायनेसीच्या हातात होतं. "मंगळवारी येतो," तो तिला म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, आणि मला कुणी जेवायला बोलावलं नाही.

मी कांडत राहिले. तोंडातून एक शब्द काढत नव्हते. पण मुसळ खाली आलं की ते गाणं ठेक्यात येत होतं, मी हात हळू केला, जोरात केला, मध्येच थांबवला, तरी येतच होतं.